रहस्यकथा वाचायची आहे, पण कोणती? नाशिककर वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयाच्या जिन्यात, कॉलेज रोडला चहा पिताना आणि सगळ्यात जास्त व्हॉट्सअॅपवर मला एकच विनंती येते: "ताई, एखादी मस्त मर्डर मिस्ट्री सांगा ना." एका ओळीत सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. कुणाला खुनी ओळखायचा असतो, कुणाला खुनी आधीच माहीत असला तरी चालतो, कुणाला प्रेत नको पण रहस्य हवं असतं. म्हणून परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. कुठल्याही पुस्तकाचा शेवट फोडलेला नाही, बिनधास्त वाचा.

१. रहस्यकथा, गूढकथा, हेरकथा, थ्रिलर... यात फरक काय?

दुकानदाराला विचाराल तर काहीच नाही, सगळं एकाच फळीवर असतं. वाचणाऱ्याला मात्र फरक पडतो. रहस्यकथेत गुन्हा घडलेला असतो आणि शेवटी कुणीतरी डोकं चालवून त्याचा उलगडा करतं. गूढकथेत उलगडा होईलच असं नाही. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी वाचताना दाराबाहेर नक्की कोण होतं हे कळलं नाही तरी पैसे वसूल होतात. थ्रिलरमध्ये गुन्हा बहुतेक वेळा पुढे व्हायचा असतो आणि आपण घड्याळाकडे बघत पानं उलटतो.

मी स्वतः या नावांवर फार विसंबत नाही. कथा कुठला प्रश्न धरून चालते ते बघते: कोणी केलं, कसं केलं, का केलं, की आता सुटेल का? तुम्हाला शेवटचं जागवलेलं पुस्तक आठवा, नाहीतर सिनेमा आठवा. त्यात तुम्ही यातल्या कशासाठी अडकला होतात? ते एकदा कळलं की निम्मी निवड झाली. पुढची बरीचशी उत्तरं याच चार प्रश्नांवर उभी आहेत.

२. आजवर एकही रहस्यकथा वाचलेली नाही. सुरुवात कशाने करू?

लघुकथांनी. चारशे पानांची कादंबरी घेऊन बसलात तर तिसऱ्या प्रकरणात पात्रांची नावं विसराल आणि "हे आपल्याला जमत नाही" म्हणून सोडून द्याल. शेरलॉक होम्सच्या ५६ लघुकथा आहेत आणि ४ कादंबऱ्या. लघुकथांतली कुठलीही उचला. जेवणानंतर एक, असं चार दिवस करा. बंगाली चव चालत असेल तर शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी घ्या. १९३२ पासूनचा हा गडी स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवतो, आणि त्याच्या कथांमधली कोलकात्याची मेस, चहा, भाड्याच्या खोल्या आपल्याला होम्सच्या धुक्यापेक्षा जवळच्या वाटतात.

यानंतर पहिली कादंबरी म्हणून अगाथा ख्रिस्ती यांची 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' (१९२६) घ्या. ती लवकर वाचायला सांगते याला कारण आहे. तिचा शेवट जगभर इतका चघळला गेलाय की उशीर कराल तितका कुणीतरी तो सांगून टाकण्याचा धोका वाढतो. मागचं कव्हरही वाचू नका.

३. मराठीत काय वाचावं? सगळे अर्नाळकर आणि सुशि (सुहास शिरवळकर) यांच्यापुढे जातच नाहीत.

ती दोन नावं घेतात ते योग्यच आहे, फक्त दोघांना एका तराजूत तोलू नका.

बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू हे त्यांचेच. आज वाचताना कोडं म्हणून त्या सैल वाटतील. योगायोग फार, वेषांतर त्याहून फार. त्यांचा वेग मात्र अजून शिळा झालेला नाही. पहिल्या पानावर टॅक्सी थांबते, दुसऱ्यावर गोळी सुटते. आमच्या पंचवटीत पत्र्याच्या दुकानात एक लायब्ररी होती, तपकिरी कागदाची कव्हरं घातलेली, कोपऱ्यांना तेलाचे डाग. दोन दिवसांच्या भाड्यात एक पुस्तक मिळायचं आणि आम्ही भावंडं ते तीन तासांत आळीपाळीने संपवून दुसरं आणायला पळायचो. मालक वैतागायचा. अर्नाळकर असेच वाचायचे, एका बैठकीत, आणि तर्काचा हिशेब न मागता.

सुहास शिरवळकर 'दुनियादारी'मुळे घराघरांत गेले, पण त्याआधी त्यांनी रहस्यकथांचा मोठा डोंगर उभा केला होता. दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि बॅरिस्टर अमर विश्वास हे त्यांचे नायक. मला विचाराल तर अमर विश्वासपासून सुरू करा. कोर्टातली उलटतपासणी हे त्यांचं बलस्थान, आणि संवाद तर आजच्या कॉलेजच्या कट्ट्यावरही चालतील असे. गुरुनाथ नाईक यांचा कॅप्टन दीप त्याच काळातला. त्याच्या कथा मात्र तपासापेक्षा साहसाकडे झुकतात.

आणखी मागे जायचं असेल तर गो. ना. दातार. इंग्रजी लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून त्यांनी 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवन गुहा' अशी जाडजूड पुस्तकं रचली. भुयारं, गुप्त दरवाजे, कटकारस्थानं. भाषा जुनी आहे, पण पन्नास पानांत कान सरावतो.

एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे दिवाळी अंक. 'धनंजय' आणि 'नवल' यांनी रहस्य-गूढ कथा वर्षानुवर्षं जपली. नवा लेखक आधी तिथे सापडतो, पुस्तकात नंतर.

४. जुन्या मराठी रहस्यकथा नाशिकमध्ये मिळतात कुठे? ऑनलाइन तर 'स्टॉक संपला' येतं.

आधी वाचनालय. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. अशा जुन्या वाचनालयात रहस्यकथा शोधताना लेखकाच्या नावाने शोधा. पुस्तकाचं नाव आठवून उपयोग नाही, कारण पुनर्मुद्रणात नावं बदललेली असतात. काउंटरवर "अर्नाळकर आहेत का?" एवढंच विचारा आणि जे येईल ते घ्या.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेतली पेटी तुमच्या सोसायटीत किंवा ऑफिसात येत असेल तर तीही उघडून बघा. पेटीत शंभर पुस्तकं असतात आणि ठरावीक काळाने पेट्यांची अदलाबदल होते. पेटी आल्याच्या दिवशीच गाठा, रहस्यकथा पहिल्या तासात उचलल्या जातात.

तिसरी जागा रद्दीवाला. जून महिन्यात, शाळेची पुस्तकं निघतात तेव्हा, घरातली जुनी कपाटंही रिकामी होतात. रद्दीवाल्याला नंबर देऊन ठेवा. मी ठेवलाय. महिन्यातून एकदा फोन येतो आणि बहुतेक वेळा गठ्ठ्यात गाइडंच निघतात, पण एकदा शिरवळकरांची सात पुस्तकं एका सुतळीत बांधलेली मिळाली.

किलोवर पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनांत इंग्रजी थ्रिलर ढिगाने असतात. तिथे एकच काळजी घ्या: विकत घेण्याआधी शेवटचं पान आहे का ते बघा. वाचू नका, फक्त आहे का बघा. रहस्यकथेचं शेवटचं पान नसणं काय असतं ते ज्याच्यावर गुजरलंय त्यालाच ठाऊक.

५. इंग्रजीचा कंटाळा येतो. मराठी भाषांतर घेऊ का?

घ्या, पण आधी भाषांतर आहे की रूपांतर ते ओळखा. भाषांतरात आतल्या पानावर मूळ पुस्तकाचं आणि भाषांतरकाराचं नाव छापलेलं असतं. जुन्या रूपांतरांत बऱ्याचदा दोन्ही गायब. ओळखायची खूण सोपी आहे: इन्स्पेक्टर देशमुख महाबळेश्वरच्या बंगल्यात येतात, बाहेर धुकं, आत बटलर, आणि खून झालाय फायरप्लेसच्या लोखंडी सळईने. मूळ बंगला कुठला असेल ते मग सांगावं लागत नाही. रूपांतर वाईटच असतं असं मी म्हणत नाही. काही तर मुळापेक्षा खुमासदार असतात. पण ख्रिस्तीची चाल पाहायची असेल तर रूपांतराने समाधान होणार नाही, कारण मराठी नावं देताना एखादा दुवा निसटतो आणि कोडं लंगडं पडतं.

दुकानात उभ्या उभ्या एखादा संवाद मनात म्हणून बघा. "मला भीती वाटते की तुम्ही चुकत आहात" असं पात्र बोलत असेल आणि तिथे भीती वाटण्यासारखं काहीच नसेल, तर पुस्तक परत फळीवर ठेवा.

६. ख्रिस्ती यांचं बरंच वाचून झालं. तसंच कोड्याचं आणखी काय?

त्यांच्या रहस्य कादंबऱ्या ६६ आहेत, त्यामुळे "बरंच" म्हणजे किती ते आधी मोजा. खरंच संपत आल्या असतील तर जपानकडे वळा. कोडं घालण्याची हौस जपानी लेखकांनी अजून सोडलेली नाही.

सेइशी योकोमिझो यांची 'द होनजिन मर्डर्स' १९४६ ची. बंद खोली, बाहेर बर्फ, आणि खेड्यातलं एक मानी घराणं. घराण्याची अब्रू, लग्नातले मानपान, वडीलधाऱ्यांचा दरारा हे सगळं आपल्या इतकं ओळखीचं आहे की जपानी नावं अडत नाहीत.

सेइचो मात्सुमोतो यांची 'पॉइंट्स अँड लाइन्स' (१९५८) मी अपडाउन करणाऱ्या प्रत्येक नाशिककराला देते. सगळं कोडं रेल्वेच्या वेळापत्रकावर उभं आहे. टोकियो स्टेशनवर एका फलाटावरून पलीकडच्या फलाटावरची गाडी दिसायची तर मधल्या रुळांवर गाडी नको, आणि दिवसभरात अशी मोकळी वेळ फक्त चार मिनिटांची. नेमक्या त्याच चार मिनिटांत कुणीतरी काहीतरी 'सहज' पाहिलं. ते वाचल्यापासून नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेसची वाट बघत उभी असले की पलीकडचा फलाट कधी दिसतो, कधी झाकतो, हे बघत बसायची खोड लागली आहे.

७. खुनी कोण ते सुरुवातीलाच सांगून टाकलंय. मग वाचायचं कशाला?

कारण तिथे प्रश्न 'कोणी केलं' हा नसतोच (प्रश्न १ पाहा). केइगो हिगाशिनो यांच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' (२००५) मध्ये सुरुवातीलाच खून आपल्या डोळ्यांदेखत होतो. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक तो लपवायला मदत करतो. पोलिसांपेक्षा आपल्याला जास्त माहीत आहे असं वाटत राहतं आणि तिथेच आपण फसतो. याहून जास्त सांगत नाही.

८. मला कोडी नकोत. पोलीस खरोखर काम करतात तसं वाचायचंय.

मग स्वीडनचं जोडपं, माय शोवाल आणि पेर वालो. १९६५ ते १९७५ मध्ये त्यांनी मार्टिन बेकच्या बरोबर १० कादंबऱ्या लिहिल्या. बेकला सर्दी असते, घरी पटत नाही, तपास आठवडेच्या आठवडे हलत नाही. आज 'स्कँडिनेव्हियन क्राइम' म्हणून जे खपतं त्याचं मूळ इथे आहे. बर्फ आणि उदास हवामान ही वरची सजावट. आतला प्रश्न असा की इतक्या सुखवस्तू, नीटनेटक्या समाजात हे घडतं कसं? हेनिंग मँकेल यांचा वॉलँडर १९९१ पासून तोच प्रश्न पुढे नेतो.

जॉर्ज सिमेनॉन यांचा मेग्रे मला याहून प्रिय. ७५ कादंबऱ्या, बहुतेक दीड-दोनशे पानांच्या. मेग्रे पुरावे कमी गोळा करतो, माणसांच्या घरात जाऊन जास्त बसतो. गल्लीतल्या खानावळीत काय शिजतंय, जिन्यात वास कसला येतोय, बायको नवऱ्याकडे बघते का, यातून त्याला उलगडा होतो. पावसाळ्यात, भजी आणि मेग्रे.

९. आपल्याकडे घडणाऱ्या कादंबऱ्या सुचवा. मुंबईचा अंडरवर्ल्ड सोडून.

अंडरवर्ल्ड सोडायचा म्हणता, तरी विक्रम चंद्रा यांची 'सेक्रेड गेम्स' (२००६) एकदा चाळा. सरताज सिंग हा त्यातला पोलीस अधिकारी त्यावरच्या वेब मालिकेपेक्षा पुस्तकात जास्त थकलेला आणि जास्त खरा आहे.

बाकी हिंदीत सुरेंद्र मोहन पाठक. स्टेशनवरचं पॉकेटबुक म्हणून नाक मुरडू नका. पत्रकार सुनील आणि दरोडेखोर विमल या त्यांच्या दोन मालिकांची जातकुळी पूर्ण वेगळी आहे. उर्दूतले इब्ने सफी (१९२८–१९८०) देवनागरीतही मिळतात. त्यांची 'जासूसी दुनिया' १९५२ मध्ये सुरू झाली.

गंमत म्हणून एच. आर. एफ. कीटिंग यांचा इन्स्पेक्टर घोटे. पहिली कादंबरी १९६४ ची, मुंबईत घडणारी, आणि लेखकाने तोवर भारतात पाऊल ठेवलेलं नव्हतं. पुढेही जवळपास दहा वर्षं ठेवलं नाही. वाचताना चुका शोधायचा खेळ घरात खेळता येतो.

आणि आता आपल्या गावाचा धागा. सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८) १९२१ च्या मुंबईत घडते. नायिका पारशी वकील, पडद्यात राहणाऱ्या तीन विधवांच्या घरात तिलाच फक्त प्रवेश. ही नायिका ज्यांच्यावरून सुचली त्यांतल्या एक म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी, ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेल्या पहिल्या महिला. त्यांचा जन्म १८६६ चा, नाशिकचा.

१०. खुद्द नाशिकमध्ये घडलेलं काही? कलेक्टर जॅक्सन प्रकरण रहस्यकथेत मोडतं का?

हा प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक 'जॅक्सनचा खून' म्हणतो, दुसरा लगेच दुरुस्त करतो, 'वध म्हणा'. मराठीत हे दोन शब्द आहेत आणि कुठला वापरता यावरून तुम्ही कुठे उभे आहात ते कळतं. मी वध म्हणते.

२१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. भरलेल्या थिएटरात, सगळ्यांसमोर. म्हणजे 'कोणी केलं' हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो 'कसं': पिस्तूल नाशिकपर्यंत आलं कसं, मधे किती हात होते. तो माग थेट लंडनपर्यंत जातो. त्यामुळे या घटनेवरचं लेखन शोधायचं तर रहस्यकथेच्या कपाटात शोधू नका, क्रांतिकारकांच्या चरित्रांत शोधा. पण वाचताना हा 'कसं'चा धागा पकडा, चरित्रंही रहस्यकथेसारखी पळतात.

११. खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तकं यातच धरायची का?

फळी वेगळी ठेवा. हुसेन झैदी यांची 'ब्लॅक फ्रायडे' (२००२) वा 'डोंगरी टू दुबई' (२०१२) ही पत्रकारी पुस्तकं आहेत. तिथे शेवटी सगळे दुवे जुळतीलच असं नाही आणि जुळले नाहीत म्हणून लेखकाला दोष देता येत नाही. कादंबरीत देता येतो.

१२. आमच्या ओळखीचे पोलीस म्हणतात, हे सगळं खोटं असतं. खरं का?

नाशिकमध्ये पोलीस अकादमी आहे, त्यामुळे हा टोमणा आपल्या वाट्याला जरा जास्त येतो. टोमण्यात तथ्य आहे. सगळ्यांना दिवाणखान्यात जमवायचं, गुप्तहेराने बोट दाखवायचं आणि खुन्याने इन्स्पेक्टरसमोर "हो, मीच" म्हणायचं, हा शेवट आपल्याकडे कोर्टात टिकत नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. आधी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३. म्हणून भारतात घडणाऱ्या चांगल्या कादंबरीत लेखकाला पंच, पंचनामा, जप्त केलेली वस्तू, फिरणारे साक्षीदार यांच्याशी झगडावं लागतं. ज्याने तो झगडा टाळलाय तो लेखक आळशी, असा माझा शिक्का.

याच अनुषंगाने: १ जुलै २०२४ नंतर घडणाऱ्या गुन्ह्याला पुस्तकात '३०२' लावलं असेल तर ती चूक. खुनाच्या शिक्षेचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं १०३. त्याआधीच्या गुन्ह्याला ३०२ बरोबर आहे, उगाच लेखकाला मेल पाठवू नका.

१३. मालिका पहिल्या पुस्तकापासूनच वाचावी लागते का?

होम्स, ख्रिस्तीचा पॉयरो, मेग्रे, अमर विश्वास: कुठूनही. मार्टिन बेक आणि वॉलँडर: क्रमाने, कारण त्यांची घरं पुस्तकागणिक बदलतात. फक्त एकच बेक वाचायचा असेल तर चौथा, 'द लाफिंग पोलीसमन' (१९६८).

१४. आई पंचाहत्तरीची, मुलगा अकरा वर्षांचा. दोघांना चालेल असं, रक्त न सांडणारं काही?

मुलाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, मग सत्यजित राय यांचा फेलूदा. तो १९६५ मध्ये मुलांच्या मासिकातच जन्मला आणि मराठीतही आलाय. आईंना ख्रिस्तीची मिस मार्पल द्या. विणकाम करत बसलेली, कुणाच्या लक्षात न येणारी म्हातारी सगळ्यांचं बिंग फोडते हे त्या वयात फार आवडतं असा माझा अनुभव आहे. डोळे थकत असतील तर स्टोरीटेलवर मराठी रहस्यकथा ऐकायला मिळतात. फक्त झोपताना लावू नका म्हणावं. दुसऱ्या दिवशी कुठवर आलो होतो ते शोधायला तुम्हालाच बोलावतील.

१५. जुन्या पुस्तकांत बायका, काळे लोक, 'गुन्हेगार जमाती' यांच्याबद्दल फार खटकणारं लिहिलेलं असतं. तरी वाचायचं?

खटकलं पाहिजे. ख्रिस्तीच्या 'अँड देन देअर वेअर नन' (१९३९) चं इंग्लंडमधलं मूळ नावच इतकं वर्णद्वेषी होतं की पुढे बदलावं लागलं. आपल्याकडच्या जुन्या पॉकेटबुकांत चोर कुठल्या वस्तीतला हे नावावरून ठरायचं आणि बाई एक तर बिचारी, नाहीतर विषकन्या. माझी पद्धत अशी: तो दोष कथेच्या काठावर असेल तर नोंद घेऊन पुढे जाते. खुनी 'तसल्या' समाजातला म्हणूनच खुनी, असा उलगडाच असेल तर पुस्तक बंद. ते कोडं म्हणूनही कच्चं असतं.

१६. पीडीएफ पाठवाल का?

नाही. चौथ्या प्रश्नात पत्ते दिलेत.

१७. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात कुणीतरी पेन्सिलने खुन्याचं नाव लिहून ठेवलंय. आता काय करू?

वाचा. माझ्याही हाती असं एक आलं होतं, कुठल्या वाचनालयाचं ते सांगत नाही. पान १४, समासात, बारीक सुबक अक्षरात: 'खुनी – मॅनेजर'. जीव जळला. खोडरबरने घासलं तरी कागदावर वळ राहिलाच. मग दोनशे पानं मी त्या मॅनेजरचा प्रत्येक शब्द तपासत बसले, तो चहा ओततो तरी संशय, खिडकी लावतो तरी संशय. शेवटी खून केला होता डॉक्टरने. खाली त्याच अक्षरात लिहिलं होतं: 'फसलात ना?'